विश्लेषण : एका रायफलची रिकामी पुंगळी दुसऱ्या रायफलमध्ये कशी बसवतात? त्यातला धोका नेमका कुठे?

गोळीबाराच्या बातमीत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य हमखास असते. गोळी सुटून गेल्यावर मागे उरणारी ही पितळी नळकांडी पोलिसांसाठी पुरावा असते. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांतील नेमबाज आणि जुन्या रायफलींचे संग्राहक मात्र तिच्याकडे कच्चा माल म्हणून पाहतात. एका मापाची पुंगळी दाबून, कापून, तापवून दुसऱ्या मापाच्या रायफलीत बसेल अशी करण्याची कला तिथे शंभरहून अधिक वर्षे चालत आली आहे. आज कारखान्यात तयार होणारी अनेक नामांकित काडतुसे अशाच खटाटोपातून जन्मली. पण मापात दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर रायफल चालवणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटू शकते. हे तंत्र काय आहे, पितळच का वापरतात आणि भारतात कायदा काय सांगतो, याचा आढावा.

पुंगळीचे काम काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना एकत्र धरणारी पुंगळी. बहुतेक रायफलींच्या पुंगळीचा आकार बाटलीसारखा असतो. खाली जाड बूड, मग धड, त्यावर उतरता खांदा आणि वर गोळी धरून ठेवणारी अरुंद मान.

पुंगळी हे निव्वळ वेष्टन नाही. दारू पेटल्यावर रायफलीच्या चेंबरमध्ये वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाब तयार होतो. त्या क्षणी पुंगळीच्या पातळ भिंती फुगतात आणि चेंबरला घट्ट चिकटतात. त्यामुळे तप्त वायू मागे न येता गोळीला पुढे ढकलतो. दाब ओसरला की पुंगळी किंचित आक्रसते आणि बाहेर काढता येते. फुगायचे, पण फाटायचे नाही. आक्रसायचे, पण अडकायचे नाही. ही कसरत सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पूर्ण होते.

चार भागांपैकी पुन्हा वापरता येतो तो एकच, पुंगळी. टोपी आणि दारू जळून जातात, गोळी निघून जाते. शिवाय नव्या काडतुसाच्या खर्चात पुंगळीचा वाटा मोठा असतो. तिचा पुनर्वापर करण्यामागचे हे साधे गणित आहे.

पितळच का?

काडतुसासाठी वापरले जाणारे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा मिश्रणाचे असते. जगभरात ते ‘कार्ट्रिज ब्रास’ याच नावाने ओळखले जाते. हा धातू ओढला तर ताणला जातो, दाबला तर आकार घेतो, आणि तरीही त्यात पुरेशी लवचीकता शिल्लक राहते.

पण त्याचा एक स्वभाव आहे. वारंवार ठोकले, दाबले, वाकवले की ते कठीण होत जाते आणि शेवटी तडकते. तांब्याची तार चार-सहा वेळा उलटसुलट वाकवली की तुटते, त्यामागचे कारण हेच. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर या गुणधर्माचा रोज उपयोग करतात. भांडे घडवताना धातू कडक झाला की तापवून पुन्हा नरम करायचा. शेवटी मठारकाम करायचे, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देऊन भांड्याला झळाळीबरोबर मजबुतीही आणायची.

पुंगळीचा आकार बदलणाऱ्यालाही हाच नियम पाळावा लागतो. मान आणि खांदा दाबून बदलला की तो भाग कडक होतो. मग तेवढाच भाग तापवून नरम करतात. बुडाला मात्र उष्णता लागू द्यायची नसते. बूड नरम पडले तर दाब सहन करण्याची त्याची ताकद जाते, आणि ती परत आणण्याचा उपाय घरी नाही. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही याच तापवण्याची खूण असते.

याचा भारतातल्या पावसाळ्याशी काय संबंध?

पितळी काडतुसांच्या इतिहासातला एक गाजलेला धडा भारतातच मिळाला. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेच्या साठ्यातली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. कोणी हात लावलेला नसे, तरी पुंगळीवर चिरा पडलेल्या आढळत. हा दोष हंगामी वाटल्याने इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणजे हंगामी तडक असे नाव पडले.

त्याचा उलगडा पुढे झाला. पावसाळ्याच्या दिवसांत काडतुसे तबेल्यांमध्ये ठेवली जात. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत मिसळे आणि पितळावर हल्ला करी. पण अमोनिया एकटा पुरेसा नव्हता. गोळी पक्की बसवण्यासाठी पुंगळी दाबताना धातूत जो ताण अडकून राही, त्याच जागी चीर पडे. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी याची संगती लावली. आतला ताण आणि बाहेरचा अमोनिया एकत्र आले की पितळ तडकते. त्यावर उपायही सापडला. पुंगळी घडवून झाल्यावर बेताच्या उष्णतेवर तापवून आतला ताण घालवायचा.

आजही पुंगळीचा आकार बदलणाऱ्यांसाठी हा धडा तितकाच लागू आहे. पितळ चमकवण्यासाठी अमोनिया असलेले पॉलिश वापरणे त्यामुळेच टाळले जाते.

एक काडतूस दुसऱ्या रायफलीत का चालत नाही?

येथे महत्त्वाचा शब्द आहे ‘हेडस्पेस’. रायफलीचा बोल्ट बंद झाल्यावर काडतूस चेंबरमध्ये नेमके कशावर टेकून थांबते आणि मागे किती जागा उरते, याचे हे माप. काडतुसाच्या घडणीप्रमाणे ही टेकण्याची जागा बदलते. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते आणि ते त्या कडेवर अडते. ७.६२×५१ मिमीसारख्या कडविरहित काडतुसाला खांदा अडवतो.

ही जागा जास्त झाली, तर गोळी सुटताना पुंगळीची मान-धड चेंबरला चिकटते आणि बूड मात्र मागे ढकलले जाते. मधली भिंत ताणली जाते. बुडाच्या थोडे वर पितळ पातळ होऊन एक बारीक वलय उमटते. पुढच्या एखाद्या वेळी पुंगळी तिथूनच दोन तुकडे होते आणि चार हजार वातावरणांचा वायू मागे फिरतो. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या चेंबरमधला फरक मोजायच्या पट्टीवर अनेकदा जेमतेम ०.१ मिलिमीटरचा असतो.

नावांवरही विसंबता येत नाही. .३०३ हे माप इंचात आहे, पण ते नळीच्या आतल्या मूळ छिद्राचे. त्या रायफलीची गोळी प्रत्यक्षात सुमारे .३११ इंच जाडीची असते. उलट .३०८ विंचेस्टरची गोळी .३०८ इंचाचीच असते. आकडा पाहून ‘जवळपासच आहे, चालेल’ असे म्हणणारा इथे फसतो.

मग आकार बदलतात कसा?

पहिली पायरी म्हणजे योग्य ‘आई’ निवडणे. जिच्यापासून नवी पुंगळी करायची तिला इंग्रजीत ‘पेरेंट केस’ म्हणतात. मान दाबता येते, खांदा मागे सरकवता येतो, लांबी कापता येते. पण बूड बदलता येत नाही. ते जाड असते, टोपीची खोबण तिथे असते आणि रायफलीचा बोल्ट तिथेच पकड घेतो. म्हणून दोन्ही काडतुसांचे बूड मुळातच सारखे असावे लागते.

इथे इतिहास मदतीला येतो. जर्मनीच्या १८८८ च्या लष्करी काडतुसाच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर होता. माउझर रायफलींमधून हे माप जगभर पसरले. अमेरिकेचे १९०६ चे .३०-०६, त्याच्यापासून १९२५ मध्ये आलेले .२७० विंचेस्टर, १९५२ चे .३०८ विंचेस्टर, १९५५ चे .२४३ विंचेस्टर, जपानचे ७.७ मिमी अरिसाका, ही सगळी त्याच मापाच्या आसपासची भावंडे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी आठवण म्हणून अरिसाका रायफली घरी नेल्या. त्यांची काडतुसे दुकानात मिळेनात, तेव्हा ६३ मिमी लांबीची .३०-०६ ची पुंगळी दाबून-कापून ५८ मिमीची जपानी पुंगळी तयार करण्याचा मार्ग रूढ झाला.

निवड झाल्यावर पुंगळीला वंगण लावून ती पोलादी साच्यात, म्हणजे ‘डाय’मध्ये, प्रेसने दाबतात. मोठा बदल असेल तर एका दमात होत नाही. दोन-तीन साचे क्रमाने वापरावे लागतात, नाहीतर खांद्यावर सुरकुत्या पडतात. मग जादा लांबी कापायची, मानेची जाडी मोजायची आणि मान तापवून नरम करायची.

शेवटची पायरी बऱ्याचदा रायफलच पूर्ण करते. जवळपास बसणारी पुंगळी त्याच चेंबरमध्ये झाडली की दाबाने ती फुगून चेंबरचा तंतोतंत आकार घेते. याला ‘फायर फॉर्मिंग’ म्हणतात. एक गोष्ट मात्र कधीच शक्य होत नाही. आखूड पुंगळी लांब करता येत नाही. .३०-०६ पासून .३०८ होते, .३०८ पासून .३०-०६ होत नाही.

मापात बसली म्हणजे झाले का?

नाही. बहुतेक अपघात याच समजातून होतात. तीन धोके समजून घ्यायला हवेत.

पहिला धोका जाड मानेचा. मान अरुंद केली की तिथले पितळ बाजूला सरायला जागा नसल्याने जाड होते. पुंगळी खूप आखूड केली, तर पूर्वी धड असलेला जाड भागच नवी मान बनतो. अशी जाड मान चेंबरमध्ये घट्ट बसली, तर गोळी सोडायला तिला फुगता येत नाही. गोळी अडकते आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून मान आतून किंवा बाहेरून तासून पातळ करावी लागते.

दुसरा धोका आतल्या जागेचा. लांब पुंगळीपासून केलेल्या आखूड पुंगळीच्या भिंती जाड असतात. बाहेरून ती कारखान्यातल्या पुंगळीसारखीच दिसते, पण आत दारूसाठी जागा कमी असते. तेवढीच दारू कमी जागेत पेटली की दाब वाढतो. त्यामुळे कारखान्याच्या पुंगळीसाठी छापलेले दारूचे प्रमाण अशा पुंगळीला जसेच्या तसे लावता येत नाही.

तिसरा धोका बुडावरच्या अक्षरांचा. पुंगळीचा आकार बदलतो, पण बुडावर ठोकलेले मूळ माप तसेच राहते. .३०-०६ लिहिलेली पुंगळी प्रत्यक्षात दुसऱ्याच रायफलीची असू शकते. ती चुकून दुसऱ्याच्या हाती पडली, तर काय होईल हे सांगायला नको.

या गोंधळाचे सर्वांत ठळक उदाहरण आधुनिक आहे. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘सॅमी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केले. ते .२२३ रेमिंग्टनच्या पुंगळीपासूनच बेतलेले आहे. पुंगळी सुमारे ३५ मिमीपर्यंत कापायची आणि तिला .३०८ इंचाची गोळी बसेल अशी मान द्यायची. दोन्ही काडतुसे एकाच मॅगझिनमध्ये मावतात, एकच बोल्ट दोघांना चालतो. पण .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या रायफलीत गेले आणि बोल्ट बंद झाला, तर सुमारे ७.८ मिमीची गोळी ५.७ मिमीच्या नळीत घुसायला पाहते. ती घुसत नाही, रायफल फुटते. अशा फुटलेल्या रायफलींची प्रकरणे अमेरिकेत वारंवार नोंदली गेली आहेत. सोय म्हणून केलेले साम्यच घातक ठरते, ते असे.

या खटाटोपातून नवे काय मिळाले?

बरेच काही. हौशी लोकांनी घडवलेल्या अप्रमाणित काडतुसांना इंग्रजीत ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. .२५० सॅव्हेजची मान दाबून केलेले .२२-२५० असेच तीसच्या दशकात हौशी लोकांमध्ये लोकप्रिय झाले. १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते स्वतःच्या नावाने बाजारात आणले. अचूकतेच्या ‘बेंचरेस्ट’ स्पर्धांमध्ये दीर्घकाळ अधिराज्य गाजवणारे ६ मिमी पीपीसी हे १९७५ मध्ये लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियन काडतुसापासून बनवले. ते रशियन काडतूसही मुळात एके-४७ च्या ७.६२×३९ पासून आलेले. युद्धासाठी जन्मलेल्या पुंगळीची नात जगातल्या सर्वांत अचूक काडतुसांमध्ये गणली गेली.

कायद्याने काडतुसांचा आकार कसा बदलला?

सरकारने एखाद्या मापावर बंदी घातली की बंदूक बनवणारे नवे माप काढतात, हा खेळ भारताने जवळून पाहिला आहे. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस .५७७/४५० या नावाने ओळखले जाई. .५७७ च्या पुंगळीची मान .४५० पर्यंत आवळलेली, असा त्या नावाचा अर्थ. या रायफली बंडखोरांच्या हाती लागल्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरची आयात रोखण्यात आली. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी त्या मापाच्या रायफली विकणाऱ्या लंडनच्या कंपन्यांची पंचाईत झाली. हॉलंड अँड हॉलंडने .५००/४६५ आणले, इतरांनी .४७० सारखी मापे पुढे केली. काम तेच, आकडा वेगळा.

.३०३ च्या बाबतीतही तेच घडले. हे लष्कराचे माप असल्याने नागरिकांना नाकारले गेले. त्याऐवजी भारतात .३१५ बोअर रुजले. त्याचे मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ८×५० मिमी मॅनलिकर या लष्करी काडतुसात आहे. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफल कारखान्याने .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवली, तर काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यातून येऊ लागली. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची ‘केएफ’ ही खूण त्यांच्या बुडावर दिसते. आज उत्तर भारतातल्या देशी कट्ट्यांच्या बातम्यांत ‘.३१५ बोअर’ सतत वाचायला मिळते, त्यामागे या काडतुसांची सहज उपलब्धता हे कारण आहे.

ऑस्ट्रेलियात मार्ग वेगळा होता. न्यू साउथ वेल्समध्ये लष्करी मापांवर निर्बंध आले, तेव्हा तिथल्या शिकाऱ्यांनी .३०३ च्याच पुंगळीची मान दाबून .३०३/२५ तयार केले. रायफल तीच, नळी बदललेली, पुंगळी तीच, मान बारीक.

भारतीय लष्कराने तर उलटा मार्ग धरला. १९६२ च्या युद्धानंतर ७.६२×५१ मिमी काडतूस सर्वत्र लागणार होते. पुंगळी बदलण्याऐवजी ईशापूरने रायफलच बदलली. ली-एन्फिल्डच्या आराखड्याला अधिक मजबूत पोलाद, नवा चेंबर आणि चौकोनी मॅगझिन देऊन २ए आणि २ए१ या रायफली घडवल्या. दिसायला त्या ‘थ्री नॉट थ्री’च्या सख्ख्या बहिणी, पण काडतूस पूर्ण वेगळे.

भारतात घरी पुंगळी भरता येते का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. म्हणजे परदेशात छंदाच्या दुकानात मिळणारे प्रेस आणि साचे येथे कायद्याच्या कक्षेत येतात. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. .३०३, ७.६२ आणि ५.५६ मिमीसारखी लष्करी मापे सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअर मानली जातात.

घरात वडिलोपार्जित रायफल असेल तर?

अनेक घराण्यांत आजोबा-पणजोबांच्या काळातली परवान्याची रायफल असते आणि तिची काडतुसे बाजारातून कधीच नाहीशी झालेली असतात. अशा वेळी ‘थोडे घासून-दाबून दुसरे बसवू’ हा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये. नळीवर कोरलेले माप वाचावे आणि परवानाधारक दुरुस्ती कारागिराकडून चेंबर तपासून घ्यावा. बोल्ट जोर लावून बंद करावा लागत असेल तर ते काडतूस त्या रायफलीचे नाही.

जुन्या काडतुसांवर हिरवा गंज, मानेवर बारीक चीर किंवा बुडाजवळ चमकदार वलय दिसले, तर ती वापरण्यायोग्य नाहीत. ती घरी फोडून, जाळून किंवा विहिरीत टाकून नष्ट करू नयेत. पोलीस ठाण्यात कळवून जमा करणे हाच योग्य मार्ग आहे. प्रवासाला निघताना जुनी बॅग उलटी करून झटकलेलीही बरी. विमानतळावरच्या तपासणीत कप्प्यात विसरलेले एकच जिवंत काडतूस सापडले, तरी गुन्हा दाखल होऊ शकतो.